ऑपेरा-गायकांचा जगप्रवास

मागील सत्रांत पालकसभा आटोपल्यावर डोंबिवलीहून आलेले एक गृहस्थ माझ्यापाशीं थांबले. त्यांची मुलगी सकाळच्या उपासनेंत पुढच्या रांगेंत उभी राहून गाते. ते म्हणाले, "सर, मुलीचा गळा गोड आहे असें सर्वजण म्हणतात. तिला गाणें शिकवावें असें आम्हांसही वाटतें. पण गळ्यावर कोणाचें पोट भरतें काय?" गाडीची वेळ झाली होती, म्हणून मीं त्यांस कांहीं तरी थातूरमातूर उत्तर दिलें. प्रश्न मात्र मनांतून जाईना. ज्यांनीं केवळ कंठाच्या बळावर देशोदेशीं कीर्ति मिळविली, अशा ऑपेरा-गायकांचें जीवन कसें घडतें, हें त्या निमित्तानें तुम्हांपुढें व तुमच्या वडिलधाऱ्यांपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

ऑपेरा म्हणजे काय, हें आपल्या घरच्या उदाहरणावरून चटकन् समजेल. १८८० सालीं ऑक्टोबरच्या ३१ तारखेस अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें, आणि तेथून मराठी संगीत नाटक महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलें. आपल्या संगीत नाटकांत पात्रें गद्यांत बोलतात, आणि भावना अनावर झाली म्हणजे पद म्हणूं लागतात. ऑपेरामध्यें बहुधा गद्य नसतेंच. राजाची आज्ञा, नोकराचा निरोप, भावाभावांतील भांडण, मरणाऱ्याचा शेवटचा शब्द, सर्व कांहीं गाऊनच सांगावयाचें असतें. आपल्याकडील ऑर्गन, सारंगी व तबला यांच्या जागीं तेथें रंगमंचापुढील खळग्यांत पन्नास-पाऊणशें वादकांचा वाद्यवृंद बसतो, आणि या साऱ्यांस एका लयींत बांधून ठेवणारा संचालक हातांत बारीक छडी घेऊन उभा असतो.

या कलेचा जन्म इटलीमध्यें इ. स. १६०० च्या सुमारास झाला. मोंतेव्हेर्दी या संगीतकाराचा 'ओर्फेओ' हा खेळ १६०७ सालीं मांतुआ येथें झाला, आणि तो आजही गायिला जातो. आरंभीं हे खेळ राजवाड्यांतच होत. १६३७ सालीं व्हेनिस शहरांत पैसे देऊन कोणासही आंत जातां येईल असें पहिलें ऑपेरागृह उघडलें, आणि ही कला दरबारांतून बाजारपेठेंत आली. पुढें नेपल्स, मिलान, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरोशहरीं भव्य नाट्यगृहें उभीं राहिलीं. मिलानचें 'ला स्काला' १७७८ सालचें आहे, तर न्यूयॉर्कचें 'मेट्रोपॉलिटन' १८८३ सालीं सुरू झालें. एकाच खेळास इतक्या देशांत प्रेक्षक मिळूं लागल्यामुळें गायकही एका गांवाचा राहिला नाहीं. नेपल्समध्यें जन्मलेला एन्रिको कारुझो (१८७३–१९२१) न्यूयॉर्कच्या रंगमंचाचा राजा झाला, आणि ध्वनिमुद्रिकांच्या योगें त्याचा आवाज ज्या देशांत तो कधींच गेला नाहीं तेथेंही ऐकूं येऊं लागला.

ही कला आपल्यापासून वाटते तितकी दूर नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इटालियन नाटकमंडळ्या मुंबईस येत असत. गोव्याच्या लुकाझीन रिबेरो या तरुणानें असा एक खेळ मुंबईस पाहिला, आणि तो इतका भारून गेला कीं १८९२ सालीं ईस्टरच्या दिवशीं, म्हणजे १७ एप्रिल रोजीं, 'इटालियन भुरगो' नांवाचा कोंकणी खेळ त्यानें मुंबईसच रंगभूमीवर आणिला. गोव्यांत आजही लोकप्रिय असलेल्या 'तियात्र' या नाट्यप्रकाराचा आरंभ तेथून धरतात. मुंबईंत चर्नी रोड स्टेशनाजवळ जें रॉयल ऑपेरा हाऊस आहे, त्याचें उद्घाटन १९११ सालीं, इमारतीचें काम पुरतें संपण्यापूर्वींच, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें झालें. पुढें तेथें बालगंधर्वांसारख्या मराठी नटश्रेष्ठांचेंही गाणें झालें. नंतर चित्रपट आले, ऑपेरा मागें पडला, आणि १९९३ सालीं त्या वास्तूस टाळें लागलें. तेवीस वर्षांनंतर, १९१६ नव्हे, तर २०१६ सालीं, डागडुजी होऊन तिचे दरवाजे पुन्हां उघडले. त्या प्रसंगीं कोण गाईलें, तें पुढें येईलच.

आतां एक शास्त्रीय प्रश्न घेऊं. दोन हजार माणसांचें सभागृह, समोर साठ-सत्तर वाद्यांचा गजर, आणि ध्वनिवर्धक नाहीं. अशा ठिकाणीं एका माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोंचतो? तो ओरडतो म्हणून नव्हे. कोणताही स्वर एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर निनादत असतात. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर दर सेकंदास सुमारें ५०० कंपनें होतात त्या भागांत सर्वांत अधिक असतो, आणि तेथून वर तो झपाट्यानें उतरत जातो. शिकलेला गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाची व मुखाची पोकळी अशा रीतीनें घडवितो कीं त्याच्या आवाजांतील बळ दर सेकंदास सुमारें ३००० कंपनांच्या आसपास एकवटतें. त्या जागीं वाद्यवृंद दुबळा असतो. शिवाय आपला कानही तेथें फार तीक्ष्ण असतो. म्हणजे गर्दींतून वाट काढण्यासाठीं गायक धक्काबुक्की करीत नाहीं, जेथें गर्दी नाहीं त्या वाटेनें तो जातो. सोप्रानो म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज. त्याच्या वरच्या स्वरांना तर वाद्यांच्या वरून तरंगण्याची शक्ति निसर्गतःच असते. या साऱ्याच्या तळाशीं श्वासावरील ताबा असतो. पोटाचे व बरगड्यांचे स्नायु श्वास हळूहळू सोडावयास शिकतात, तेव्हां कंठावरचा ताण जातो. ही गोष्ट वर्षानुवर्षांच्या सरावानेंच साधते.

येथें मला आपली एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं कल्याणहून येणारा एक मुलगा माझ्या हाताखालीं गात असे. नाताळच्या कार्यक्रमांत तो गाऊं लागला म्हणजे मागच्या बाकांवरील कुजबूजही थांबे. तो आठवींत गेला, आणि त्याचा आवाज फुटूं लागला. मुलग्यांचें स्वरयंत्र बारा ते पंधरा या वयांत एकाएकीं वाढतें, स्वरतंतु लांब व जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. त्या दिवसांत गळ्यास जपावें लागतें, हें मला ठाऊक होतें. पण आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली होती, आणि मला ढाल हवी होती. मीं त्यास जुन्याच उंच पट्टींत गावयास लाविलें. ढाल मिळाली. त्यानंतर कित्येक महिने त्याच्या गळ्यांतून खरखरीशिवाय कांहीं निघेना, आणि गाण्यावरचें त्याचें मन जें उडालें तें कायमचें. आज तो चांगल्या नोकरीवर आहे. ठाणें स्टेशनावर भेटला कीं आदरानें नमस्कार करितो. गाण्याचा विषय मात्र आम्हां दोघांपैकीं कोणीच काढीत नाहीं.

माझ्या हातून जें घडलें तें जेनी लिंड या स्वीडिश गायिकेच्या (१८२०–१८८७) बाबतींतही घडलें होतें. परंतु तिला योग्य गुरु वेळेवर भेटला. १८३८ सालीं स्टॉकहोमच्या रंगभूमीवर आल्यानंतर तिनें इतक्या भूमिका केल्या कीं तीन वर्षांतच तिचा आवाज बसला. ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या विख्यात शिक्षकाकडे गेली. त्यानें तिला गाणें शिकविण्यापूर्वीं आधीं गप्प बसावयास सांगितलें. कित्येक आठवडे गळ्यास पूर्ण विश्रांति दिल्यावर मग त्यानें तिला स्वर कसा लावावा हें पहिल्यापासून शिकविलें. हाच गार्सिया पुढें लहानसा आरसा घशांत धरून जिवंत माणसाचे स्वरतंतु गातांना पाहणारा संशोधक म्हणून वैद्यकाच्या इतिहासांत अमर झाला. जेनी लिंड बरी होऊन जर्मनी, ऑस्ट्रिया, इंग्लंड येथें गाजली. १८४९ सालीं तिनें ऑपेराची रंगभूमी सोडली, आणि १८५० ते १८५२ या काळांत अमेरिकेंत गायनाचे जलसे करून जो पैसा मिळाला, त्यांतील मोठा भाग स्वीडनमधील मोफत शाळा व इतर धर्मादाय कार्यें यांस दिला. विश्रांति घेणें हाही अभ्यासाचाच एक भाग आहे, हा धडा मीं फार उशिरां शिकलों.

आतां त्या गृहस्थांचा प्रश्न. ऑपेरा-गायकाचा धंदा चालतो तरी कसा? बहुतेक गायक प्रथम संगीत विद्यालयांत चार-सहा वर्षें शिकतात. स्वरलेखन वाचणें, पियानोची ओळख, अभिनय, आणि इटालियन, जर्मन व फ्रेंच या भाषांचे शुद्ध उच्चार, हें सर्व त्यांत येतें. कारण ऑपेरा बहुधा मूळ भाषेंतच गातात. मग स्पर्धा व चाचण्या. कांहीं ऑपेरागृहांना जोडून होतकरू गायकांसाठीं शिक्षणवर्ग असतात. तेथें लहान भूमिका मिळतात, अथवा मुख्य गायक आजारी पडल्यास त्याच्या जागीं उभें राहण्यासाठीं भूमिका तयार ठेवावी लागते. जर्मनींत पुष्कळ शहरांची स्वतःचीं ऑपेरागृहें आहेत, आणि तेथें गायकांस मासिक वेतनावर ठेवण्याची पद्धत आहे. इतरत्र प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात. नामांकित गायकांचे करार दोन-तीन वर्षें आधीं होतात. पण घसा धरला आणि प्रयोग चुकला, तर त्या दिवसाचें मानधन बहुधा बुडतें. महिनेच्या महिने परक्या शहरांत राहावें लागतें. शिवाय हा कंठ उशिरां पिकतो. अवजड भूमिका तिशी उलटल्यावरच घ्याव्या, असें जाणते सांगतात. तेव्हां पालकांनीं हें स्पष्ट समजून असावें कीं, या वाटेस लागणाऱ्या शंभरांतील फार थोडे मोठ्या रंगमंचावर पोंचतात.

मग जे पोंचले ते कोठून निघाले? तीन उदाहरणें देतों.

पहिलें, लुचानो पावारोत्ती (१९३५–२००७). इटलींतील मोदेना गांवच्या एका भटारखान्यांत पाव भाजणाऱ्याचा हा मुलगा. वडिलांचाही गळा उत्तम होता, आणि बापलेक दोघे चर्चमध्यें व गांवच्या गायकवृंदांत एकत्र गात. १९५५ सालीं त्या गायकवृंदानें वेल्समधील लँगोलन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळविलें. गाण्याचें शिक्षण चालूं असतां पावारोत्तीनें कांहीं काळ प्राथमिक शाळेंत शिकविलें, विम्याचें कामही केलें. एका स्पर्धेंत यश मिळाल्यावर १९६१ सालीं त्यास पहिली मोठी भूमिका लाभली. पुढें १९९० सालीं रोमच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत तीन थोर टेनर गायकांचा जो जलसा झाला आणि जगभर कोट्यवधि लोकांनीं पाहिला, त्यांत तो एक होता. त्या जलशाचे संचालक कोण होते? आपल्या मुंबईंत १९३६ सालीं जन्मलेले झुबिन मेहता.

दुसरें, मॅरियन अँडरसन (१८९७–१९९३). अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत ही मुलगी जन्मली, आणि बाप्टिस्ट मंडळीच्या गायकवृंदांत लहानपणींच गाऊं लागली. बाप लवकर वारला. शिकवणीस पैसे नव्हते, तेव्हां मंडळींतल्या साध्या कष्टकरी लोकांनीं वर्गणी जमवून तिला शिक्षकाकडे पाठविलें. युरोपांत तिनें नांव मिळविलें. पण १९३९ सालीं तिच्याच देशाच्या राजधानींतील एका मोठ्या सभागृहाचे दरवाजे केवळ वर्णामुळें तिला बंद झाले. तेव्हां त्या वर्षींच्या ईस्टरच्या दिवशीं तिनें लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आकाशाखालीं, सुमारें ७५,००० श्रोत्यांपुढें गाणें केलें. १९५५ सालीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्यें प्रमुख भूमिका गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय गायिका ठरली. तोंवर तिच्या कंठाचा बहर ओसरूं लागला होता. परंतु तिच्या मागून येणाऱ्यांसाठीं दार उघडें झालें. १९५७ सालीं ती आशियाच्या दौऱ्यावर निघाली असतां हिंदुस्थानांतही येऊन गेली.

तिसरें उदाहरण आपल्या मुंबईचें. पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म मुंबईंत १९६० सालीं झाला. त्या लंडनला जाऊन गिल्डहॉल येथील संगीत विद्यालयांत शिकल्या व तेथील सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. मोझार्टच्या ऑपेरांपासून आजच्या संगीतकारांच्या नव्या रचनांपर्यंत त्या गायिल्या आहेत. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांस त्यांच्या आवाजांत असें कांहीं सांपडलें कीं त्यांनीं तीसहून अधिक रचना याच एका आवाजासाठीं लिहिल्या. मिसरदेशची तपस्विनी संत मरिया हिच्या जीवनावरील टॅव्हनर यांच्या ऑपेराचा पहिला प्रयोग १९९२ सालीं ऑल्डबरो येथील उत्सवांत झाला, तेव्हां मरियेची भूमिका रोझारिओ यांनीं केली. २००१ सालीं ब्रिटिश सरकारनें त्यांस ओ. बी. ई. ही पदवी दिली. येथवर ही यशाची गोष्ट झाली. मला तिचा पुढील भाग अधिक मोलाचा वाटतो. आपणांस जें शिकावयास परदेशीं जावें लागलें, तें इकडच्या मुलांस घरीं मिळावें, म्हणून २००९ पासून त्यांनीं व त्यांचे पति, पियानोवादक मार्क ट्रूप, यांनीं हिंदुस्थानांत येऊन तरुण गायकांस शिकविण्याचें कार्य हातीं घेतलें. आणि २०१६ सालीं रॉयल ऑपेरा हाऊसचे दरवाजे पुन्हां उघडले, तेव्हां त्या मंचावरून प्रथम याच मुंबईकर कन्येचा स्वर घुमला.

कोणी म्हणेल, मग नांव मिळवावयास परदेशचेंच संगीत शिकलें पाहिजे कीं काय? तसें मुळींच नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तींत पृथ्वीवरील निवडक संगीत सांठविलें आहे. त्यांत मोझार्टच्या ऑपेरांतील 'रात्रीची राणी' हिचें गीत जर्मन गायिका एडा मोझर हिच्या आवाजांत आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाईंनीं उस्ताद अल्लादियाखाँ यांच्यापाशीं अनेक वर्षें कठोर तालीम घेतली. यानें सुटलीं आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्या निवर्तल्या. २०१२ सालीं पहिलें यान व २०१८ सालीं दुसरें, सूर्याच्या प्रभावाचें क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधील पोकळींत शिरलें. ऑपेरा-गायिकेची तान आणि गोव्याची भैरवी तेथें शेजारीशेजारी प्रवास करीत आहेत. याहून लांबचा दौरा आजवर कोणाही गायकाचा झाला नाहीं.

डोंबिवलीच्या त्या गृहस्थांस आतां मी असें उत्तर देईन. गळ्यावर पोट भरेल कीं नाहीं, हें तेराव्या वर्षीं कोणालाच सांगतां येणार नाहीं, आणि तें आजच ठरविण्याची गरजही नाहीं. मुलीचें शालेय शिक्षण चालूं द्या. त्यांत भाषा तिच्या उपयोगीच पडतील. तिला स्वरज्ञान असलेल्या शिक्षकाकडे पाठवा. आपल्या भागांत संगीताची परंपरा जुनी आहे. कल्याणचा गायन समाजच १९२६ पासूनचा आहे. देशी शिकावें कीं पाश्चात्य, हें तिचा कल पाहून ठरवा. तिला गाडींत, मैदानांत, ध्वनिवर्धकाच्या गोंगाटावर ताण देऊन ओरडूं देऊं नका. घसा दुखत असतांना कोणी तिला ढालीसाठीं गावयास सांगितलें, तर तो मनुष्य मी असलों तरी त्यास खुशाल नाहीं म्हणा.

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्रांत धन्यानें चाकरांस सोंपविलेल्या रुपयांचा दाखला आहे. एका चाकरानें भीतीनें आपला रुपया जमिनींत पुरून ठेविला, म्हणून त्यास बोल लागला. आपण बहुतेक शिक्षक व पालक त्या दाखल्यावरून मुलांस उद्योगाचा उपदेश करितों. पण ठेव पुरून ठेवणें जसें चुकीचें, तसेंच ती एका दिवसाच्या जत्रेंत उधळून टाकणेंही चुकीचेंच. ज्यांस गळा लाभला आहे त्यांनीं तो जपून वाढवावा. ज्यांस लाभला नाहीं त्यांनीं मॅरियन अँडरसनच्या मंडळीप्रमाणें दुसऱ्याच्या शिक्षणास हातभार लावावा. त्या वर्गणीदारांची नांवें कोणत्याही ऑपेरागृहाच्या भिंतीवर कोरलेलीं नाहींत. तथापि १९५५ सालीं त्या मंचावर जो स्वर उमटला, त्यांत त्यांचाही वांटा होता.